गिरजाबाईंना मासा चावला नव्हता

वन्सं, मासा चावत नाही. शिंगी तर चावतच नाही, ती काटा मारते. कल्ल्यांमागं दोन्ही अंगांना एकेक काटा, आणि त्या काट्यात जहर. हे तुम्हीच मला शिकवलं. तुम्हाला माती दिल्यापासून दारी येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच सांगत बसले आहे. त्या पदर तोंडाला लावून ऐकतात, "हो का गं माय" म्हणतात, आणि ओसरीची पायरी उतरता उतरता एकमेकींना सांगतात, "माशाच्या नादानं गेली बघ गिरजाबाई. चावला म्हणं."

लिंगायताच्या घरातली बाई, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, उभ्या जन्मात मासा जिभेला लागलेला नाही, आणि तिला मासा चावला. लोकांना ही गोष्ट फार आवडली आहे. सांगायला सोपी. शेवटी "तरी आमी म्हणत होतो" असं म्हणायलाही जागा आहे.

मला त्या बायांचा राग येतो. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे तुमच्या पाठच्या भावाचा, इतका येतो की त्यांच्यापुढं ताट आदळून ठेवते. आणि खरं सांगू? तुमचाही येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही होता तेव्हा कधी नीट रागावू दिलंत? मी तोंड उघडलं की तुम्ही हसायच्या, आणि तुम्ही हसलात की माझं भांडण अर्ध्यातच विरघळायचं. आता तुम्हाला हसता येत नाही. आता ऐका.

माझं माहेर पिंगळीकडचं. रेल्वेची शिट्टी ऐकत वाढले, पण नदी पाहिली नव्हती. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर. वाकून बघितलं की आपलंच तोंड. लग्न होऊन ह्या गंगाकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, गावात आले तेव्हा सगळ्यांनी मला एकाच गोष्टीची भीती घातली होती: घरात विधवा नणंद आहे, थोरली आहे, तिच्या हाताखाली दिवस काढायचे आहेत. तुम्ही मला धुण्याला म्हणून घाटावर नेलं. धुणं झालं. मी पिळे घेऊन उभी, आणि तुम्ही लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून उताराच्या उथळ पाण्यात जाऊन थांबलात. नुसत्या थांबलात. मला वाटलं, बाईच्या अंगात आलं.

"ये की," तुम्ही म्हणालात. "पाय उचलू नको, सरकव. आन् सावली म्होरं पडू देऊ नको."

"काय हाय तिथं?"

"बघ तर."

मला वाळू दिसली, गोटे दिसले, पाण्याची चकाकी दिसली. तुम्ही म्हणालात, मासा हुडकू नको, सावली हुडक. मासा पाण्याच्या रंगाचा असतो, त्याची सावली तशी नसते. मी बघत राहिले आणि एकाएकी वाळूवर सावल्या चालायला लागल्या. मग सावलीच्या वर मासा. मग दुसरा. घोट्याएवढ्या पाण्यात एवढं जग होतं आणि मी त्यावर धुणं आपटत होते. वन्सं, त्या दिवशी घरी येताना मला सासरची भीती वाटेनाशी झाली होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

नावं तुम्हाला ठकूबाई भोईणीनं दिली होती. मरळ, वाम, शिंगटा, खवल्या. पण ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, त्याला ठकूबाईकडं नाव नव्हतं. त्या सगळ्यांना ती "कचरा" म्हणायची. त्या कचऱ्याला नावं ठेवली तुम्ही. लांब चोचीचा, पाण्याच्या अगदी वरच्या थरात काडीसारखा तरंगणारा, तो दाभण. आणि तो चपटा, बोटाच्या पेराएवढा, ज्याच्या अंगातून पलीकडची वाळू दिसायची, पोटातला काटासुद्धा मोजता यायचा, ती काकणी. तुमच्या हातात काकणं नव्हती. तुम्ही ते नाव ठेवलंत आणि मी तुमच्या मनगटाकडं बघितलं, तर तुम्ही म्हणालात, "तिकडं काय बघायलीस? पाण्यात बघ."

रंगावर जाऊ नको, हे तुम्ही कितीदा बजावलंत. रंग उन्हाबरोबर फिरतो. पाठीवरचं पर, म्हणजे माशाचा पंख, बघ, मिशा बघ, थांबतो कसा ते बघ. चिखलातली काळपट मिशाळ मासळी दिसली की आधी पाठ बघायची. पर शेपटीपर्यंत लांब असलं तर मागूर, फार भिण्याचं कारण नाही. पर आखूड, करंगळीच्या नखाएवढं, तर शिंगी. तिथं हात घालायचा नाही. गढूळ पाण्यात तर कशालाच हात घालायचा नाही. पाणी निवळेपर्यंत उभं राहायचं. तुम्ही उभ्या राहायच्या. मी कंटाळून काठावर बसायची, पण तुम्ही उभ्या राहायच्या.

माझं पहिलं पोर गेलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला काही ना काही सांगितलं. तुम्ही मला पाण्यावर नेलं. काठाच्या गवताशी लाल ठिपक्यांचा एक झुबका वरखाली होत होता, मूठभर कुंकू पाण्यावर सांडावं तसा. "मरळीची पिलं," तुम्ही म्हणालात. "खाली बघ, आई हाय." खाली खरंच ती होती, काळी, दांडगी, हालत नव्हती. मी एवढी चिडले. म्हणाले, "मला कामून दाखवता? मला लेकरू न्हाई राहिलं म्हणून?" तुम्ही म्हणालात, "त्यातली बी लय मरतात, कलू. म्हणून ती जागा सोडत न्हाई." मी तशीच पाय आपटत घरी आले. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी मीच घाटावर होते. पुढं रत्ना झाली, तिला पावलं फुटली, तेव्हा पहिल्यांदा तुम्हीच तिला पाण्यात उभं केलंत.

आणि ते आपलं भांडण. ते तसंच अर्धवट टाकून गेलात. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं होतं, त्या वर्षी कातळाखालच्या खबदाडातून तो बाहेर आला. मनगटाएवढा जाड, दोन हात लांब, अंगभर ठिपके. मी "साप!" म्हणून ओरडले आणि काठावर पळाले. तुम्ही जागच्या हालला नाहीत.

"साप आसता तर दम घ्यायला वर आला आसता. ह्याचे कल्ले हालायलेत बघ."

"मग वाम आसंल."

"वामीच्या पाठीवर काट्याची रांग आसती, तोंड टोकदार. ह्याचं तोंड बोथट हाय. आन् डोक्यामागं कानासारखं पर बघ."

ठकूबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्याला आपण विचारलं. तो म्हणाला, "ह्यो हितला न्हाई. समिंदरातून येतो, आन् शेवटाला तिकडंच जातो." त्यावर तुमचा लगेच विश्वास बसला. माझा नाही. कुठं समुद्र आणि कुठं आपलं गाव, मधे किती मुलूख, किती धरणं-बंधारे! भाकरी थापताना, दळताना, ज्वारी निवडताना आपण त्यावर भांडलो. मी म्हणायची, म्हाताऱ्यानं थाप मारली. तुम्ही म्हणायच्या, गंगा जाती कुठं मग? पाणी जातं तर मासा कामून येणार न्हाई? मी अजून मानलेलं नाही. मला आता कोण पटवणार आहे?

समुद्र बघायची संधी तुम्हाला आली होती. गावातली माणसं रामेश्वरला निघाली होती, बायाही होत्या, आणि घरातून तुमचंच नाव निघालं. देवाधर्माचं काम, विधवा बहीण, कुणी नाही म्हणायचं कारण नव्हतं. तुमच्या भावानं मोठ्या माणसांसमोर हसत हसत विचारलं, "अक्का, देव बघायला जायलीस का मासे बघायला?" आणि तुम्ही म्हणालात, "दोन्ही."

दोन्ही! वन्सं, खोटं बोलायला काय झालं होतं? "देव" एवढं म्हणायचं होतं. तिथं गेल्यावर समुद्राच्या उथळ पाण्यात उभं राहायला तुम्हाला कुणी अडवलं नसतं. बसलेल्या म्हाताऱ्यांची तोंडं वाकडी झाली. एक जण म्हणाला, तीर्थावर जाऊन मासळी हुडकणारी बाई बरोबर नको. तुमचं नाव गळालं. मी चुलीपुढं रडले, तुम्ही लसूण सोलत होता. म्हणालात, "समिंदर कुठं पळून जायलाय? हाय तिथंच हाय." समुद्र आहे तिथंच आहे, वन्सं. तुम्ही कुठं आहात?

आता ती गोष्ट सांगते, जी ह्या घरात कुणी बोलत नाही.

पाऊसकाळ सरला की नदी आत सरकते आणि काठच्या खळग्यांत मासे अडकून पडतात. दरवर्षी तुम्ही घमेलं घेऊन ते उचलायच्या आणि धारेला सोडायच्या. ठकूबाई चिडवायची, "बाई, आमच्या पोटावर पाय कामून द्यायलीस?" तुम्ही म्हणायच्या, "तुझे तू ने. कचरा तेवढा माझा." शिंगीला तुम्ही हात लावत नव्हता. तिला चिखल पुरतो, ती वरची हवा घेऊन जगते.

ह्या साली दिवस वाईट होते. रझाकारांच्या धास्तीनं लोक दिवसाउजेडीच घरी परतत होते, कुणी जालन्याकडं, कुणी सरहद्दीपलीकडं लेकीबाळी धाडत होतं. रत्नाचं लवकर उरकून टाकावं म्हणून तुमच्या भावानं पालमकडचं स्थळ बघितलं. पाहुणे गाडीनं आले. उतारावरून गाडी पाण्यात घातली तर समोर तुम्ही, लुगडं खोचलेलं, काखेत घमेलं. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "भोईण हाय वाटतं." घाटावरच्या पोरांनी ओरडून सांगितलं, "शेटजीची भैन हाय ती!" पाहुणे हसले. एवढंच झालं.

पाहुण्यांना ओसरीवर बसवून तुमचा भाऊ तसाच घाटावर आला. मी धुणं धूत होते. ठकूबाई होती, आणखी चार-पाच बाया होत्या. सगळ्यांनी पाहिलं.

"तमाशा लावलाय का?" ते ओरडले. "लिंगायताची जात, आन् माशाचं घमेलं डोक्यावर घिऊन नाचायलीस? माझ्या पोरीचं लगीन मोडायचंय का तुला?"

तुम्ही म्हणालात, "शिवाप्पा, एवढे सोडते आन् येते."

त्यांनी घमेल्याला लाथ मारली. घमेलं पालथं झालं, गुरं धुतात त्या जागेवर, चिखलात. काकण्या, दाभणं, बारकी पिलं, सगळी चिखलात तडफडायला लागली. आणि तुम्ही, पाणी निवळेपर्यंत अर्धा अर्धा प्रहर उभ्या राहणाऱ्या तुम्ही, खाली बसलात आणि दोन्ही हातांनी तो चिखल उपसायला लागलात. न बघता. मी "वन्सं, थांबा" म्हणाले की मनातच म्हणाले, मला आठवत नाही. तुमचा हात एकदम वर आला. डाव्या तळव्यातून रक्त. चिखलात आधीपासूनच शिंगी पडून होती. तिचा काही दोष नव्हता.

ठकूबाईनं तुम्हाला आपल्या झोपडीत नेलं, कढत पाण्यात हात धरायला लावला. कळ ओसरली. घरी आलात तेव्हा पाहुणे जेवत होते. पुरणाच्या वाटीत तूप तुम्हीच वाढलंत, उजव्या हातानं. कुणी विचारलं तर म्हणालात, "माझाच हात चुकला."

का, वन्सं? का म्हणालात तसं? तुमचा हात जन्मात कधी चुकला नव्हता. त्या एका वाक्यानं तुम्ही त्यांना मोकळं केलंत आणि मला बांधून टाकलंत.

जखम वरून मिटली. तुम्ही कामाला लागलात. मग एका सकाळी म्हणालात, जबडा आवळल्यासारखा वाटतोय. दुपारी घास जाईना. वैदू आला, त्यानं मान हलवली. पालमच्या हकीमसाहेबांनी बघून लगेच सांगितलं, "धनुर्वात है. परभणीच्या दवाखान्यात न्या." तुमचा भाऊ दारात उभा. रस्ता बरा नाही म्हणाले. उद्या बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडीत गादी घालून तुम्हाला निजवलं, तर वेशीपर्यंत जाईतो प्रत्येक खड्ड्याला तुमचं अंग कमानीसारखं वाकत होतं. गाडी परत फिरवली. दवाखान्यात नेऊन तुम्ही वाचला असता का, मला माहीत नाही. हकीमसाहेबही तसं बोलले नव्हते. पण तो एक दिवस दारात उभं राहण्यात गेला, हे मला माहीत आहे.

खोली अंधारी करून ठेवली होती. भांड्याचा आवाज झाला तरी तुम्हाला आचका यायचा, म्हणून मी अनवाणी, श्वास धरून वावरायची. तुमचे डोळे तेवढे हालत होते. त्या डोळ्यांना मला पुष्कळ सांगायचं होतं. आवाजाच्या भीतीनं काहीच सांगितलं नाही.

आपल्या रिवाजाप्रमाणं तुम्हाला बसवून माती दिली. न्हाऊ घालताना तुमची बोटं सोडवली मी. इष्टलिंग डाव्या तळव्यावर ठेवतात. तळव्याच्या मधोमध काट्याचा काळा वण होता. त्यावरच लिंग ठेवलं. तुमच्या भावानं ते पाहिलं, आणि तोंड फिरवून हुंदका दिला. मला त्या हुंदक्याचा सुद्धा राग आला.

आणि रत्नाच्या स्थळाकडून मागाहून होकार आला, वन्सं. पाहुणे म्हणे त्या दिवशी जाताना तुमची वाखाणणी करत होते, पुरण फार छान झालं होतं म्हणून. भोईण म्हणून हसले ते तिथंच विसरले होते. त्यांच्या मनात काही नव्हतंच. कुणाच्याच मनात काही नव्हतं.

तुमच्या नावच्या जेवणाला, गणाराधनेला, मठाचे स्वामी आले. लांबचे, वयस्क, त्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं. पाद्यपूजा झाली, पंगती उठल्या, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "बाईला झालं तरी काय होतं?"

तुमचा भाऊ हात जोडून म्हणाला, "मासा चावला, महाराज. तिला लय नाद होता."

मी माजघराच्या दाराआड होते. सगळा गाव ओसरीवर. मी चौकट ओलांडली. डोक्यावरचा पदर तेवढा नीट केला.

"मासा चावत न्हाई, महाराज," मी म्हणाले. "घमेलं ह्यांनी लाथाडलं. चिखलात हात घालायची पाळी ह्यांनी आणली. घाटावर सहा-सात जणी होतो, सगळ्यांनी बघितलं. दवाखान्याला न्यायला बी ह्यांनीच उशीर केला."

कुणाची तरी बायको "गप गं" म्हणाली. स्वामींनी माझ्याकडं नाही, तुमच्या भावाकडं बघितलं. "खरं हाय का, शिवाप्पा?"

मला वाटलं, आता हे मला घरात घेणार नाहीत, माहेरी धाडतील. पिंगळीच्या विहिरीचं काळं पाणी डोळ्यांपुढं आलं. मग ते म्हणाले, "हाय."

"मग मुक्या जिवावर कामून ढकलायलास?" स्वामी म्हणाले, आणि काठी टेकून उठले.

लोक पांगल्यावर तुमचा भाऊ मला म्हणाला, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"घमेलं चारचौघांतच पालथं केलं होतं की."

ते दुकान बंद ठेवून बसून राहिले. आज दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तुमच्याच तोंडवळ्याचे आहेत, ते मी आजपर्यंत नीट बघितलं नव्हतं. म्हणाले, "कलू, अक्कानं मला माफ केलं आसंल का गं?"

मी खरं ते सांगितलं. "केलं. त्याच दिवशी केलं."

त्यांचा चेहरा सैल पडला. डोळे भरले. ते पाट ओढून बसले, एखादं ओझं उतरवून ठेवल्यासारखे. त्यांना वाटलं, विषय मिटला.

"मी न्हाई केलं," मी म्हणाले.

आणि ताटात भाकरी वाढली. ते मान खाली घालून जेवले. मी समोरून उठले नाही. दुसरी भाकरी त्यांनी मागितली नाही, तरी मी वाढली. वन्सं, ह्यातलं बरंच तुम्हाला आवडणार नाही. पण तुमच्या भावाला मी उपाशी ठेवलेलं नाही, एवढं तुम्हाला सांगण्यासारखं आहे.